धानाला कळतं कसं?

गणपती उठेपर्यंत दवनीवाड्याच्या शिवारातलं धान गर्भात आलेलं असतं. बांध्यांत पाणी, धुऱ्यांवर चिखल. आभाळ दोन-तीन दिवस कोंदलेलं राहिलं की जुनी माणसं वाकून पानांच्या कडा बघू लागतात. कड पाण्याने भिजल्यासारखी, पिवळसर दिसली की त्यांचा चेहरा उतरतो. गोंदिया जिल्ह्यात घराचं वर्ष धानावर ठरतं. पोरांची फी, दवाखाना, लग्न, सगळं अजून न निसवलेल्या लोंबांच्या भरवशावर असतं.

अशाच एका बांधीवर निंदण आटोपून आलेल्या मावशींनी मला विचारलं होतं, “भाऊ, धानाले ना डोळे ना कान. मंग रोग आला हे त्याले समजते कसं? आन समजते, तं एक बांधी वाचते अन् बाजूची जळते, ते कायले?”

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. हे प्रकरण त्या दोन प्रश्नांसाठी लिहिलं आहे. उत्तर शोधताना आपण धानाच्या पेशीच्या दारात जाऊन उभे राहू, आणि तिथून मावशींच्या शरीरातही डोकावू. त्या रोज सकाळी साखरेची गोळी घेतात. त्यांचा आजार आणि बांधीतला करपा यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं.

१. पेल्यातला दुधी धागा

आधी शत्रू बघू. हे घरी करून बघता येतं. रोगट पानाचा पिवळा भाग जिथे संपतो आणि हिरवा सुरू होतो, तिथून बोटभर तुकडा कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन कापलेलं टोक पाण्यात बुडवा आणि पेला उजेडासमोर धरून हलू देऊ नका. काही मिनिटांत त्या टोकातून दुधी रंगाचा बारीक धागा खाली उतरू लागतो, उदबत्तीच्या धुरासारखा, पण उलट्या दिशेने. तो धागा म्हणजे जिवाणूंची रांग. पानाच्या शिरांत कोंबून भरलेले असंख्य जिवाणू वाट मिळताच बाहेर पडत असतात. बुरशीच्या करप्यात असा धागा दिसत नाही, म्हणून हा रोग ओळखण्याची ही सर्वांत साधी आणि भरवशाची पद्धत आहे.

जिवाणूचं नाव झान्थोमोनास ओरायझी आणि रोगाचं नाव कडा करपा. जपानच्या फुकुओका भागात शेतकऱ्यांनी तो १८८४ साली पहिल्यांदा पाहिला. भारतातली पहिली नोंद आपल्या महाराष्ट्रातली, १९५१ सालची, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली. १९६३ साली बिहारमध्ये तो साथीसारखा पसरला, तेव्हा देशाला त्याची खरी ताकद कळली.

तो कडेपासूनच का सुरू होतो? पहाटे धानाच्या पानांच्या कडांवर आणि टोकावर टपोरे थेंब बसलेले असतात. आपण त्यांना दव म्हणतो. त्यातले पुष्कळ थेंब धानाने स्वतः बाहेर टाकलेलं पाणी असतं. त्यासाठी पानाच्या कडेला अगदी बारीक छिद्रं असतात. रात्री पाणी बाहेर येतं, सकाळी थोडं परत आत ओढलं जातं, आणि त्या पाण्यात पोहणारा जिवाणू त्याच्यासोबत आत जातो. पान फाटलं, वाऱ्याने घासलं किंवा कापलं गेलं तर त्याला आणखी मोठा दरवाजा मिळतो. आत गेल्यावर तो पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत मुक्काम ठोकतो आणि वाढत राहतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. हा जिवाणू धानाच्या पेशीच्या आत शिरत नाही. तो पेशींच्या बाहेर, नळीत राहतो. म्हणजे पेशीला भिंतीपलीकडचा शत्रू ओळखायचा आहे, आणि तोही त्याला घरात न घेता.

२. दारातली कडी

प्रत्येक पेशीभोवती तेलकट द्रव्याचं एक पातळ पटल असतं. पाण्यात विरघळणाऱ्या बहुतेक वस्तूंना ते आरपार जाऊ देत नाही. पेशी जगते ती या आडोशामुळेच, पण मग बाहेरची खबर आत यायची कशी?

जुन्या घराचं दार आठवा. पाहुणा बाहेर उभा राहून कडी वाजवतो. दार बंदच असतं, पाहुणा बाहेरच असतो, आत येतो फक्त आवाज. त्या आवाजावरून घरातलं माणूस उठतं. पेशीच्या पटलात अशा हजारो कड्या बसवलेल्या असतात. त्या प्रथिनांच्या असतात आणि पटलातून आरपार गेलेल्या असतात. त्यांना ग्राही म्हणतात, इंग्रजी पुस्तकांत रिसेप्टर.

पेशीची कडी घराच्या कडीपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे. घराची कडी कुणीही वाजवावी. पेशीची प्रत्येक कडी ठरावीक हातानेच वाजते. ग्राहीचा बाहेरचा भाग विशिष्ट आकाराचा असतो आणि त्या आकारात बसणारा रेणू आला तरच तो हलतो. इन्सुलिनची कडी वेगळी, वाढीच्या संप्रेरकाची वेगळी, रोगजंतूची वेगळी.

कडा करप्याची कडी कोणती हे आता माहीत आहे. तिचं नाव एक्सए-२१. हे प्रथिन १,०२५ अमिनो आम्लांची माळ आहे. अमिनो आम्ल म्हणजे प्रथिनाचा एकेक मणी. पेशीबाहेर असलेल्या तिच्या भागात जवळजवळ सारखाच एक तुकडा २३ वेळा येतो, आणि हे तुकडे एकापुढे एक रचले गेले की सगळा भाग विळ्यासारखा वाकतो. त्या वाकणात जिवाणूची खूण येऊन बसते. मधला भाग दोऱ्यासारखा, पटलातून आत गेलेला. आणि आतल्या टोकाला आहे या प्रकरणाचा नायक, कायनेज.

३. छत्रीचा खटका

कायनेज हे एक विकर आहे, म्हणजे पेशीतली एखादी रासायनिक क्रिया झटपट घडवून आणणारं प्रथिन. त्याला एकच काम येतं. एका रेणूवरचा फॉस्फेटचा तुकडा उचलायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर चिकटवायचा. बस्स. पण पेशीतला जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका कामावर चालतो, आणि जीवशास्त्रातली दुसरी कोणतीही क्रिया मला इतकी थोर वाटत नाही.

फॉस्फेट आपल्या ओळखीचं आहे. डीएपीच्या पोत्यातून बांधीत पडतं ते हेच. मुळं ते शोषतात, आणि पेशी त्यातले तीन तुकडे एका रेणूवर ओळीने बसवून ठेवते. त्या रेणूला एटीपी म्हणतात. यातला शेवटचा तुकडा सहज सुटतो. एटीपीचा शोध १९२९ सालचा. जर्मनीत लोहमान यांना आणि अमेरिकेत फिस्क व यल्लाप्रगडा सुब्बराव यांना तो स्वतंत्रपणे लागला. सुब्बराव आंध्रातल्या भीमावरमचे. आपल्या शाळांच्या पुस्तकांत त्यांचं नाव ठळक असायला हवं.

आता एवढासा तुकडा चिकटल्याने काय होतं? पावसाळ्यातली खटक्याची छत्री घ्या. मिटलेली असते तोवर ती काठी आहे. खटका दाबला की तीच काड्या-कापडासकट उघडते आणि तिचं काम बदलतं. तिच्यात नवं काही आलेलं नसतं, एका जागी बोटाचा दाब पडलेला असतो. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. तो प्रथिनाच्या एखाद्या मण्यावर बसला की आजूबाजूचे धन भाराचे मणी त्याच्याकडे ओढले जातात, ऋण भाराचे दूर सरतात, आणि प्रथिनाची घडी बदलते. घडी बदलली की काम बदललं. झोपलेलं विकर जागं होतं, किंवा जागं असलेलं झोपतं. माळेतल्या कोणत्याही मण्यावर हे होत नाही. वनस्पती-प्राण्यांच्या पेशींत मुख्यतः सेरीन, थ्रिओनीन आणि टायरोसीन हे तीनच मणी फॉस्फेट धरतात.

हा खटका एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९५०च्या दशकात अमेरिकेत सिएटलला सापडला. स्नायूत साठवलेली साखर मोकळी करणारं विकर कधी चालतं, कधी चालत नाही, एवढंच ते शोधत होते. फॉस्फेट बसलं की ते चालू होतं आणि निघालं की बंद पडतं, असं त्यांना दिसलं. पुढे हीच युक्ती जिथे बघावं तिथे दिसू लागली. १९९२ साली दोघांना नोबेल मिळालं.

आता एक तुलना. माणसाच्या जनुकसंचात कायनेज बनवणारी जनुकं आहेत ५००हून थोडी जास्त. धानाच्या जनुकसंचात १,४००च्या वर, आणि त्यांतली बहुसंख्य ग्राहीला जोडलेल्या प्रकारची. बांधीतल्या एका चुडाकडे आपल्या जवळजवळ तिप्पट. मला यात नवल वाटत नाही. आपल्याला ऊन लागलं की सावलीत जाता येतं, डास चावला की हात फिरवता येतो. धान जिथे रोवलं तिथेच उभं राहतं. ज्याला जागा सोडता येत नाही त्याला खबर जास्त ठेवावी लागते.

४. एकाचे दहा लाख

कडी वाजली तेव्हा नेमकं काय होतं ते आता क्रमाने बघू.

जिवाणूची खूण एक्सए-२१च्या विळ्यात बसते. एक्सए-२१ला एकट्याने काही करता येत नाही. पटलात तिच्याजवळ सर्क-२ नावाचं दुसरं ग्राही प्रथिन असतं. दोघांची आतली टोकं, म्हणजे दोघांचे कायनेज, एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि एकमेकांना जागं करतात. बाहेरचा स्पर्श अशा रीतीने आतल्या रासायनिक खुणेत बदलतो. पटल ओलांडून आत आलं काय? एकही रेणू नाही. आला तो निरोप.

इथून पुढे गावात दवंडी पिटावी तसं चालतं. जागं झालेलं प्रथिन आतल्या दुसऱ्या कायनेजला फॉस्फेट लावतं, ते तिसऱ्याला, तिसरं चौथ्याला. एमएपी कायनेज नावाची तीन पायऱ्यांची एक साखळी धानात, माणसात आणि यीस्टमध्येही जवळजवळ एकाच नमुन्याची आहे.

एवढ्या मध्यस्थांची गरज काय, असं वाटेल. हिशेब करू. समजा एका जाग्या कायनेजने विझण्याआधी १०० प्रथिनांवर खूण केली. पहिल्या पायरीवर १ असेल तर दुसरीवर १००, तिसरीवर १०,००० आणि चौथीवर १०,००,०००. खरे आकडे पेशीगणिक कमीजास्त होतात, पण गुणाकाराचं तत्त्व हेच. दारातल्या एका टकटकीने सगळं गाव उठतं. शिवाय वाटेत प्रत्येक पायरीवर निरोपाला फाटे फुटू शकतात, आणि निरोप खोटा वाटला तर तिथेच अडवताही येतो.

शेवटी निरोप पेशीच्या केंद्रकात पोचतो. तिथे काही जनुकं चालू होतात, काही बंद. पेशी आपली भिंत जाड करू लागते, जिवाणूला झोंबणारी रसायनं तयार करते, ऑक्सिजनची तिखट, जाळणारी रूपं सोडते. करपा पानाच्या कडेला थोडा दिसतो आणि तिथेच थांबतो.

मावशींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. धानाला कळतं ते कडीने, आणि अंगभर पोचतं ते फॉस्फेटच्या खुणांनी. दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही यात आलं. धानाच्या बहुतेक वाणांत एक्सए-२१ ही कडीच नसते. दार आहे, टकटक होते आहे, पण वाजायला कडी नाही.

५. विझवणारे हात

कडी एवढी उपयोगी, तर ती कायमची वाजत ठेवली तर?

पेशीत कायनेजइतकीच महत्त्वाची विकरं आहेत ती फॉस्फटेज. कायनेजने चढवलेलं फॉस्फेट ती काढून टाकतात. छत्री मिटणारे हात म्हणा. एक्सए-२१भोवती अशी राखण करणारी प्रथिनं आहेत. एक्सबी-२४ नावाचं प्रथिन शत्रू नसताना तिला शांत धरून ठेवतं. एक्सबी-१५ हे फॉस्फटेज तिच्यावरच्या खुणा पुसतं. संशोधकांनी धानातलं एक्सबी-१५ निकामी करून पाहिलं. करपा आलेला नसतानाही त्या रोपांच्या पानांवर मेलेल्या पेशींचे डाग पडू लागले. शत्रूसाठी पेटवलेली आग घरालाच लागली.

सगळं बळ पहाऱ्यावर घातलं तर दाणे भरायला काय उरणार? रोपाजवळचं अन्न मोजकं आहे. म्हणून निरोप वेळेवर विझणं हाही निरोपाचाच भाग आहे.

माणसात हे विझणं बिघडलं की काय होतं त्याचं एक स्पष्ट उदाहरण म्हणजे रक्ताचा एक कर्करोग, क्रॉनिक मायलॉईड ल्युकेमिया. या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड असतं, हे १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियात दिसलं. १९७३ साली जॅनेट राऊली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले गेले आहेत. या अदलाबदलीत एबीएल नावाच्या कायनेजला भलताच तुकडा जोडला जातो आणि त्याचा बंद होण्याचा मार्ग तुटतो. वाढा, वाढा, असा निरोप ते रात्रंदिवस देत राहतं आणि पांढऱ्या पेशी वाढत जातात.

इमॅटिनिब हे औषध नेमकं या कायनेजच्या खोबणीत बसतं, जिथे एटीपी बसायला हवं तिथे. एटीपी नाही तर फॉस्फेट नाही, फॉस्फेट नाही तर निरोप नाही. २००१ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ज्या आजारात काही वर्षांचंच आयुष्य उरायचं, त्यात रोज गोळी घेऊन माणसं कामाला जाऊ लागली.

पण गोळीची किंमत? मूळ कंपनीचं औषध तेव्हा भारतात महिन्याला सुमारे १,२०,००० रुपयांना होतं, आणि भारतीय कंपन्यांचं तेच औषध ८,००० ते १०,०००ला. पेटंट मिळालं असतं तर स्वस्त गोळी बंद झाली असती. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने या पेटंटला हरकत घेतली. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्या दिवशी एका कायनेजच्या खोबणीत बसणारा रेणू सामान्य माणसाच्या हातात राहिला. विज्ञानाच्या पुस्तकात न्यायालय कशाला, असं कुणी म्हणेल. पण गोळी रुग्णापर्यंत पोचली नाही तर तिचा शोध अर्धाच लागलेला असतो, असं मला मनापासून वाटतं.

६. मावशींच्या अंगातली कडी

आता साखर.

जेवण झालं, भात पचला, रक्तात साखर वाढली. स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन साखरेला हाताला धरून पेशीत नेतं असा एक समज आहे. प्रत्यक्षात इन्सुलिन स्नायूच्या पेशीच्या दारात उभं राहून कडी वाजवतं. कडीच्या आतल्या टोकाला कायनेज आहे, धानासारखंच. फरक एवढाच की हे टायरोसीनवर खूण करतं आणि एक्सए-२१चं सेरीन-थ्रिओनीनवर. निरोप चार-पाच हातांतून जातो, त्यातलं एक महत्त्वाचं कायनेज म्हणजे एकेटी. मग पेशीच्या आत पिशव्यांत ठेवलेली साखरेची दारं पटलावर येऊन बसतात आणि साखर आत जाऊ लागते. हे सगळं काही मिनिटांत.

मावशींना आहे तो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. त्यात सुरुवातीला इन्सुलिन कमी नसतं, कधी नेहमीपेक्षा जास्तच असतं. कडीही असते. पण आतला निरोप दबतो. त्याचं एक कारण असं की निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनावर चुकीच्या मण्यावर फॉस्फेट बसतं, आणि मग योग्य जागची खूण नीट उमटत नाही. दारात कडी वाजते आहे आणि आतलं माणूस कूस बदलून झोपतं आहे, असा हा प्रकार. चालणं, शेतातलं अंगमेहनतीचं काम इथे फार मोलाचं ठरतं, कारण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या कडीशिवाय, दुसऱ्या कायनेजच्या वाटेने साखरेची दारं पटलावर आणू शकतो. रोवणी-निंदणाच्या दिवसांत साखर उतरते असं मावशी म्हणतात, त्यामागे हेही असणार.

७. खोटा पाहुणा

एक प्रश्न राहिला. एक्सए-२१च्या विळ्यात बसणारी जिवाणूची खूण कोणती?

एक्सए-२१चं जनुक कॅलिफोर्नियात पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने १९९५ साली वेगळं केलं. वनस्पतीत शत्रू ओळखणारी अशी कायनेजवाली कडी सापडण्याची ती पहिलीच वेळ होती. पण कडी सापडली तरी ती वाजवणारा हात सापडेना. २००९ साली त्यांनी एक रेणू जाहीर केला, एएक्स-२१. मोठं कौतुक झालं. पुढे त्याच प्रयोगशाळेतल्या नव्या मुलांना तो प्रयोग पुन्हा जमेना. रोनाल्ड यांनी सगळं मुळापासून तपासायला लावलं. जिवाणूच्या काही वाणांवरची नावं चुकलेली निघाली आणि चाचणीही भरवशाची नव्हती. २०१३ साली त्यांनी तो शोधनिबंध स्वतः मागे घेतला आणि काय चुकलं ते उघडपणे सांगितलं. नावाजलेल्या माणसाला हे करायला मोठं धैर्य लागतं.

मग २०१५ साली खरा हात सापडला. रॅक्स-एक्स, जेमतेम ६० अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन. त्यातल्या एका टायरोसीनवर जिवाणू गंधकाची खूण करतो. ती खूण असेल तरच कडी वाजते, नसेल तर एक्सए-२१ ढिम्म हलत नाही.

जिवाणू असली खूण अंगावर बाळगतो तरी कशाला? दोन वर्षांनी त्याचाही उलगडा झाला. रॅक्स-एक्स धानाच्या स्वतःच्या एका संप्रेरकासारखं दिसतं. मुळांची वाढ करायला सांगणारं, गंधकाची खूण असलेलंच ते संप्रेरक आहे. म्हणजे जिवाणू घरच्या माणसाचा आवाज काढून धानाशी बोलत होता. साधं धान त्याला फसतं. एक्सए-२१ला मात्र घरचा आवाज आणि नकली आवाज यांतला फरक कळतो. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

८. मालीचं रानधान

ही कडी आली आफ्रिकेतल्या माली देशातल्या रानधानातून. १९७७ साली कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत दिसलं की हे धान कडा करप्याला दाद देत नाही. त्याचा दाणा खाण्याजोगा नव्हता, उत्पन्न नगण्य. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गुरदेव खुश यांच्या चमूने संकर करत करत तो एक गुण लागवडीच्या धानात आणला. त्याला बारा वर्षं लागली.

पण एका कडीवर भिस्त ठेवता येत नाही. जिवाणूही बदलतो. रॅक्स-एक्समध्ये थोडा फरक करून एक्सए-२१ला चुकवणारे जिवाणू आढळले आहेत. त्यामुळे हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि सीसीएमबी या संस्थेने सांबा महसुरी या लोकप्रिय बारीक वाणात एकदम तीन जनुकं आणली. एक एक्सए-२१. दुसरं एक्सए-१३, ते वेगळ्या रीतीने राखण करतं. हा जिवाणू सुईसारख्या नळीने पेशीत आपली प्रथिनं टोचतो आणि पेशीचा साखर बाहेर सोडणारा दरवाजा उघडून घेतो. एक्सए-१३मध्ये त्या दरवाजाचं कुलूप बदललेलं आहे, जिवाणूची किल्ली त्यात फिरत नाही. तिसरं एक्सए-५, ते ही किल्ली धरणारा हातच निसटता करतं. हा सुधारित सांबा महसुरी वाण २००८ साली प्रसारित झाला. त्यात प्रयोगशाळेत बाहेरून जनुक घुसवलेलं नाही, सगळं संकरातून आलं. त्याच्या भाताचा साखर वाढवण्याचा निर्देशांक चाचणीत ५१च्या आसपास, म्हणजे कमी आढळला, ही मावशींसारख्यांसाठी वेगळी जमेची बाजू.

तीन जनुकं एकत्र आणणं अवघड का होतं? चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८०च्या दशकात बांधीतल्या दोन-तीन वेगळ्या लोंबा नजरेने हेरल्या आणि वर्षानुवर्षं निवड करून एचएमटी हा वाण उभा केला. ती नजर दुर्मीळ होती. पण इथे तशी नजरही थकते. रोपात एक्सए-२१ एकटंच असलं तरी ते निरोगी दिसतं, तिन्ही असली तरी निरोगीच दिसतं. बाहेरून फरक कळत नाही. म्हणून पानाचा तुकडा घेऊन त्यातलं डीएनए तपासायचं, तिन्ही खुणा असलेलं रोप ठेवायचं आणि बाकीची सोडून द्यायची. शेकडो रोपांतून, पिढीमागून पिढी.

९. जुडी हातात धरून

पुढच्या आषाढात मी पुन्हा दवनीवाड्याला गेलो तेव्हा रोवणी चालू होती. मावशींना मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. वाण घ्यायचा तर कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या म्हटलं, युरिया एकदम टाकू नका म्हटलं, कारण लुसलुशीत हिरवं धान या जिवाणूला फार मानवतं. कडा दिसल्या तर त्या बांधीचं पाणी दुसऱ्या बांधीत सोडू नका.

मग एक गोष्ट त्यांना मुद्दाम सांगितली. एक्सए-२१ची कडी रोप लहान असताना नीट वाजत नाही. दोन-तीन पानांच्या पऱ्ह्यात तिचा जोर नसतो, रोप वाढेल तसा तो वाढत जातो आणि मोठ्या रोपात पूर्ण होतो. म्हणजे चांगला वाण आणला तरी रोवणीच्या वेळी धान सगळ्यात उघडं असतं. आणि त्याच वेळी आपण काय करतो? पऱ्हे फार उंच झाले की जुडी हातात धरून विळ्याने शेंडे छाटतो. प्रत्येक छाटलेलं पान म्हणजे पाण्यातल्या जिवाणूला उघडी नळी. अशा रोपांत पानाची कड करपण्याची वाटही न बघता सगळं रोपच दोन-तीन आठवड्यांत वाळून जाऊ शकतं.

मावशींच्या हातात तेव्हा जुडी होती आणि काखेत विळा.

“मंग शेंडे नाही छाटाचे?”

“नाही छाटायचे, मावशी.”

“उंच रायले तं?”

“तसेच रोवा. थोडे झुकतील, आठ-दहा दिवसांत उभे राहतील. पुढच्या साली पऱ्हे थोडे उशिरा टाका, म्हणजे रोवणीला एवढे वाढणार नाहीत.”

त्यांनी जुडी एकदा उजेडात धरून पाहिली, विळा धुऱ्यावर ठेवला आणि बांधीत उतरल्या.